औषध गाठीपाशी पोहोचले. पण लागू पडले का?

‘कर्करोगावर नवा उपाय सापडला’ अशी बातमी आपण वर्षातून दोन-चार वेळा तरी वाचतो. वाचून आनंद होतो. पण पुढे त्या उपायाचे काय झाले हे सहसा कळत नाही. या लेखात आपण अशाच एका उपायाची माहिती घेणार आहोत. स्वादुपिंडाच्या कर्करोगात औषध शिरेतून न देता ते गाठीच्या अगदी शेजारी, शरीराच्या आत ठेवायचे, असा हा उपाय आहे. त्यामागचे पदार्थविज्ञान तुम्ही शाळेत शिकता त्यापेक्षा फार अवघड नाही. अवघड आहे तो पुढचा प्रश्न : असा उपाय लागू पडला की नाही, हे ठरवायचे कसे?

अवयव आणि रोग

स्वादुपिंड आपल्या पोटात जठराच्या मागे आडवे पसरलेले असते. त्याची लांबी सुमारे १५ सेंटीमीटर. अन्न पचविणारा रस तयार करणे आणि रक्तातील साखरेवर ताबा ठेवणारे इन्शुलिन तयार करणे ही त्याची दोन मुख्य कामे. हा अवयव इतका आत दडलेला असतो, की त्यात गाठ झाली तरी ती हाताला लागत नाही. कावीळ, पोटात किंवा पाठीत दुखणे, वजन घटणे अशी लक्षणे दिसू लागतात तेव्हा बराच उशीर झालेला असतो. शस्त्रक्रिया करून गाठ काढता येईल, अशी स्थिती पाचांपैकी जेमतेम एका रुग्णाची असते. अमेरिकन कर्करोग संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार त्या देशात या रोगाचे निदान झाल्यावर पाच वर्षांनी हयात असणाऱ्यांचे प्रमाण १३ टक्के आहे. म्हणूनच या रोगावरील कोणत्याही नव्या उपायाकडे रुग्ण व त्यांचे नातेवाईक मोठ्या आशेने पाहतात.

औषध गाठीपर्यंत का पोहोचत नाही?

प्रथम एक साधे गणित करू. ६० किलोग्रॅम वजनाच्या माणसाच्या शरीरात सुमारे ३६ लिटर, म्हणजे ३६,००० घन सेंटीमीटर पाणी असते. गाठ ३ सेंटीमीटर व्यासाची आहे असे समजा. गोलाच्या घनफळाच्या सूत्राने तिचे घनफळ सुमारे १४ घन सेंटीमीटर येते. शिरेतून दिलेले औषध शरीरातील सर्व पाण्यात सारखे पसरले, तर गाठीच्या वाट्याला अडीच हजारांत एक भाग येईल. उरलेले सगळे औषध निरोगी पेशींकडे जाणार. केस गळणे, उलट्या होणे, रक्तातील पांढऱ्या पेशी कमी होणे हे त्रास त्यातूनच उद्भवतात. त्यामुळे गाठीला जास्त औषध मिळावे म्हणून मात्रा हवी तितकी वाढविता येत नाही.

स्वादुपिंडाच्या गाठीला तर हा अडीच हजारावा भागही पुरता मिळत नाही. शरीरातील औषधाचा प्रवास दोन टप्प्यांचा असतो. पहिला टप्पा रक्तवाहिन्यांतून. तो झपाट्याने होतो. दुसरा टप्पा केशवाहिनीपासून पेशीपर्यंत. तो विसरणाने, म्हणजे रेणूंच्या स्वैर हालचालीने होतो. एस.टी. आपल्याला फाट्यापर्यंत वेगाने आणून सोडते, पण फाट्यापासून वस्तीपर्यंत पायीच जावे लागते, तसाच हा प्रकार. निरोगी अवयवात केशवाहिन्यांचे जाळे दाट असते आणि पायी चालण्याचे अंतर मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांपेक्षा क्वचितच जास्त असते. स्वादुपिंडाच्या गाठीत मात्र कर्कपेशींभोवती तंतूंचा घट्ट गर असतो, केशवाहिन्या विरळ असतात आणि ज्या असतात त्यांतल्या कित्येक दाबाने चेपलेल्या असतात. म्हणजे फाटे थोडे आणि वाट लांबची.

या वाटेला किती वेळ लागतो? विसरणाचा ढोबळ नियम असा :

काळ = (अंतर)² ÷ (२ × विसरण गुणांक)

लहान रेणूसाठी ऊतीतील विसरण गुणांक दर सेकंदाला एक दशलक्षांश चौरस सेंटीमीटर धरू. मग ०.१ मिलिमीटर जायला ५० सेकंद लागतात. अंतर दहापट, म्हणजे १ मिलिमीटर झाले, की काळ शंभरपट होतो : ५,००० सेकंद, म्हणजे जवळजवळ दीड तास. आणि १ सेंटीमीटरसाठी ५ लाख सेकंद, म्हणजे पावणेसहा दिवस! या रोगात फार वापरले जाणारे जेमसायटाबीन हे औषध शिरेतून अर्ध्या तासात दिले, तर रक्तातील त्याचे प्रमाण साधारण पाऊण ते दीड तासात निम्मे होते. औषध वाटेत असतानाच त्याचा साठा संपत येतो.

दोन युक्त्या

तेव्हा औषधाचा साठा गाठीपाशीच ठेवला तर? ही कल्पना दोन प्रकारांनी अमलात आणली गेली आहे.

पहिल्या प्रकारात औषध एखाद्या बहुवारिकात कोंडतात. आपोआप विरघळणारे टाके ज्या जातीच्या पदार्थाचे असतात, त्याच जातीचा हा पदार्थ. तो शरीरात सावकाश झिजतो आणि आतले औषध थोडे थोडे बाहेर पडत राहते. बहुवारिकात कोंडलेले मोठे रेणूसुद्धा अशा रीतीने दीर्घकाळ सोडता येतात, हे रॉबर्ट लँगर आणि ज्यूडा फोकमन यांनी १९७६ मध्ये दाखविले होते.

दुसऱ्या प्रकारात विजेची मदत घेतात. औषधाचे रेणू विद्युतभारित असतील, तर त्यांना विद्युतक्षेत्राने ढकलता येते. विसरणात रेणू दिशाहीन भटकतात. विद्युतक्षेत्रात त्यांना दिशा मिळते. या पद्धतीला आयोन्टोफोरेसिस म्हणतात. ती नवी नाही. विसाव्या शतकाच्या प्रारंभी फ्रान्समधील स्टेफान लेदुक यांनी दोन सशांवर एक प्रसिद्ध, पण क्रूर प्रयोग केला. एका सशाच्या त्वचेवर धनाग्राखाली स्ट्रिक्निन या विषाचे द्रावण होते, दुसऱ्याच्या त्वचेवर ऋणाग्राखाली सायनाइडचे. प्रवाह सुरू केल्यावर दोन्ही ससे विषबाधेने मेले. अग्रांची अदलाबदल करून तोच प्रयोग केला, तेव्हा सशांना काहीच झाले नाही. द्रावणे तीच, प्रवाह तोच. बदलली फक्त दिशा. म्हणून विष आत नेले ते विद्युतक्षेत्रानेच, हे निःसंशय ठरले. प्रयोगातील ही ‘दुसरी बाजू’ लक्षात ठेवा. पुढे ती आपल्याला वारंवार भेटणार आहे.

करून पाहा

हाच विचार तुम्ही शाळेच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांच्या देखरेखीखाली पडताळू शकता. गाळणकागदाच्या दोन सारख्या पट्ट्या घ्या. किंचित मीठ घातलेल्या पाण्यात भिजवून त्या दोन काचपट्ट्यांवर सपाट ठेवा. प्रत्येकीच्या मधोमध पोटॅशियम परमँगनेटचा एक बारीक स्फटिक ठेवा. प्रत्येक पट्टीच्या दोन्ही टोकांना धातूचे चिमटे लावा. एका पट्टीचे चिमटे ९ व्होल्टच्या बॅटरीला जोडा, दुसरीचे मोकळेच राहू द्या. घरातील विजेचा वापर मुळीच करू नका. परमँगनेटचे डाग लवकर जात नाहीत, तेव्हा ते हाताला व कपड्यांना लागू देऊ नका.

पंधरा-वीस मिनिटांनी पाहा. बॅटरी जोडलेल्या पट्टीवर जांभळा रंग धनाग्राकडे ओढला गेलेला दिसेल, कारण परमँगनेट आयन ऋणभारित असतो. दुसऱ्या पट्टीवर रंग चोहोबाजूंनी सारखाच पसरलेला असेल. आता विचार करा : ही दुसरी पट्टी ठेवलीच नसती तर? टेबल एका बाजूला कलते असते तरी रंग तिकडे सरकला असता आणि आपण त्याचे श्रेय बॅटरीला दिले असते. दुसरी पट्टी ही आपली साक्षीदार आहे. शास्त्रीय चाचणीत अशा साक्षीदाराला तुलनागट म्हणतात.

चार गटांचा प्रयोग

आता मूळ विषयाकडे वळू. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ जोसेफ डिसिमोन, शल्यचिकित्सक जेन जेन ये आणि त्यांचे सहकारी यांनी २०१५ मध्ये अशा विद्युत उपकरणाच्या चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. उपकरणात औषधाच्या द्रावणाची छोटी टाकी, एक विद्युतअग्र आणि गाठीच्या बाजूला अर्धपार्य पटल होते. ते शस्त्रक्रियेने गाठीलगत बसवीत. वीज आणि औषध यांचे नियंत्रण शरीराबाहेरून होत असे. जेमसायटाबीनचे रेणू आम्लधर्मी द्रावणात धनभारित असतात, म्हणून धनाग्र त्यांना स्वतःपासून दूर, म्हणजे गाठीकडे लोटते.

चाचणीसाठी रुग्णांच्या गाठीतील ऊती उंदरांच्या स्वादुपिंडात वाढविल्या होत्या. उंदरांचे चार गट केले आणि सात आठवडे उपचार केले. गाठीचे आकारमान किती पट झाले, हे संशोधकांनी दोनच्या घातांकात सांगितले. घातांक ० म्हणजे आकार तेवढाच, १ म्हणजे दुप्पट, २ म्हणजे चौपट, आणि ऋण घातांक म्हणजे गाठ लहान झाली. सरासरी घातांक असे आले :

१. शिरेतून नुसते मिठाचे पाणी : ३.०, म्हणजे गाठ ८ पट.
२. उपकरणातून नुसते मिठाचे पाणी : २.६, म्हणजे सुमारे ६ पट.
३. शिरेतून जेमसायटाबीन : १.१, म्हणजे २ पटींहून थोडी जास्त.
४. उपकरणातून जेमसायटाबीन : उणे ०.८, म्हणजे ०.५७ पट. गाठ वाढण्याऐवजी जवळजवळ निम्म्यावर आली.

आता या चार ओळी काळजीपूर्वक वाचा. फक्त पहिला आणि चौथा गट असता, तरी बातमी झाली असती. पण मग एक शंका राहिली असती. विद्युतप्रवाहाने अग्रांजवळ आम्ल व अल्कली तयार होतात आणि त्यांनीही पेशी मरू शकतात. गाठ औषधाने आटली की विजेने? याचे उत्तर दुसरा गट देतो. उपकरण आहे, औषध नाही. आणि गाठ सहापट वाढली आहे. तेव्हा गाठ आटण्याचे श्रेय एकट्या विजेला देता येत नाही. तिसरा गट दुसरी शंका फेडतो. औषध आहे, उपकरण नाही. गाठीची वाढ मंदावली, पण थांबली नाही. दोन्ही एकत्र आले तेव्हाच गाठ लहान झाली. चार गट ठेवण्याचे कारण हे!

याच संशोधनात कुत्र्यांवरही मोजमाप केले होते. उपकरणातून दिलेले औषध उपकरणालगतच्या ऊतीत, शिरेतून दिलेल्या औषधाच्या मानाने सातपटींहून अधिक आढळले आणि उर्वरित शरीरातील पातळी पंचवीसपट कमी होती. गाठीला अधिक आणि शरीराला कमी, हा जो मूळ हेतू होता, तो मोठ्या प्राण्यातही साधला.

उंदरापासून माणसापर्यंत

मग हा उपाय सिद्ध झाला का? नाही. उंदराची गाठ मिलिमीटरांत मोजायची, माणसाची सेंटीमीटरांत; आणि अंतराच्या वर्गाचा नियम आपण वर पाहिलाच आहे. शिवाय माणसाची गाठ स्वीकारता यावी म्हणून हे उंदीर प्रतिकारशक्ती कमी असलेले घ्यावे लागतात. माणसात रोग यकृतासारख्या दूरच्या अवयवांत पसरलेला असू शकतो. तेथे गाठीशेजारचे उपकरण पोहोचत नाही.

प्राण्यांमधील यश माणसांत टिकतेच असे नाही, याचे एक उदाहरण याच रोगातले आहे. तंतूंचा घट्ट गर सैल करणारे एक औषध २००९ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी उंदरांवर वापरले. केशवाहिन्या वाढल्या, जेमसायटाबीन गाठीत अधिक पोहोचले, उंदीर अधिक काळ जगले. तर्क निर्दोष वाटत होता. पण माणसांवरील चाचणी जानेवारी २०१२ मध्ये थांबवावी लागली, कारण हे औषध मिळालेले रुग्ण केवळ जेमसायटाबीन मिळालेल्या रुग्णांपेक्षा कमी काळ जगत होते. तुलनागट होता म्हणून हे वेळीच कळले.

पंधरा रुग्ण आणि तीनशे चार रुग्ण

माणसांवरील चाचण्या टप्प्याटप्प्याने होतात. पहिल्या टप्प्यात थोडे रुग्ण घेऊन उपाय सुरक्षित आहे का आणि मात्रा किती असावी, हे पाहतात. दुसऱ्यात उपयोगाची चिन्हे शोधतात. तिसऱ्यात अनेक रुग्णांवर नेहमीच्या उपचाराशी समोरासमोर तुलना करतात.

बहुवारिकाचा प्रकार स्वादुपिंडाच्या कर्करोगात माणसांपर्यंत पोहोचला आहे. या रोगाच्या दहांपैकी नऊहून अधिक गाठींत ‘के-रास’ नावाच्या जनुकात बिघाड असतो. इस्राएलमधील संशोधकांनी या बिघडलेल्या जनुकाचा निरोप नष्ट करणारे आरएनएचे तुकडे बहुवारिकात भरले आणि ते सुईने थेट गाठीत बसविले. सुमारे चार महिने औषध झिरपत राहावे अशी योजना होती. पहिल्या टप्प्यातील १५ रुग्णांचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांना नेहमीची औषधेही चालू होती. हा उपाय त्यांना सोसला. त्यांच्या आयुर्मानाचा मध्यक सुमारे १५ महिने आला. म्हणजे निम्मे रुग्ण त्याहून अधिक काळ जगले.

१५ महिने हा आकडा आशादायक वाटतो. पण त्याच्या शेजारी ठेवायला दुसरा आकडा कोठे आहे? या चाचणीत तुलनागट नव्हता. पहिल्या टप्प्यात तो सहसा नसतो. चाचणीत घेतलेले रुग्ण मुळातच थोडे सुदृढ असतील. काहींना नेहमीच्या औषधांनीच गुण आला असेल. दुसऱ्या एखाद्या चाचणीतील आकडा आणून शेजारी ठेवावा, तर तेथील रुग्णांची अवस्था वेगळी असते. पंधरा रुग्णांची ही चाचणी पुढे जाण्याचा परवाना देते. निकाल देत नाही.

निकाल कसा लागतो ते पाहा. गाठीतच सुईने टोचायचा, जनुकावर आधारलेला आणखी एक उपाय ‘टीएनएफ-इरेड’ नावाने पुढे आला होता. आरंभीच्या छोट्या चाचण्यांनी आशा निर्माण केली. मग ३०४ रुग्णांची मोठी चाचणी झाली. कोणी कोणत्या गटात जायचे हे डॉक्टरांनी किंवा रुग्णांनी ठरविले नाही. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा यादृच्छिक पद्धतीने ते ठरले. त्यामुळे वय, प्रकृती, रोगाची तीव्रता हे सारे दोन्ही गटांत सारखे वाटले जाते. सर्वांनाच नेहमीचे उपचार मिळाले. एका गटाला त्याशिवाय नवा उपायही. २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले : आयुर्मानाचा मध्यक नव्या उपायाच्या गटात १०.० महिने, तुलनागटातही १०.० महिने. औषध गाठीत पोहोचविले होते. पण त्याने आयुष्य वाढले नाही.

रिकाम्या चकत्या

हे वाचून निराश होण्याचे कारण नाही. हीच कठोर परीक्षा पार केलेला एक उपाय मेंदूच्या कर्करोगात आहे. लँगर आणि शल्यचिकित्सक हेन्री ब्रेम यांनी कारमस्टीन हे औषध बहुवारिकाच्या छोट्या चकत्यांत भरले. मेंदूतील गाठ शस्त्रक्रियेने काढल्यावर त्या पोकळीत या चकत्या ठेवायच्या. परत उद्भवलेल्या गाठीच्या २२२ रुग्णांवर चाचणी झाली. एका गटाला औषधाच्या चकत्या मिळाल्या, तर दुसऱ्याला हुबेहूब तशाच, पण रिकाम्या. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष : मध्यक ३१ आठवडे विरुद्ध २३ आठवडे. १९९६ मध्ये अमेरिकेत या उपायाला मान्यता मिळाली. फरक आठ आठवड्यांचा; ‘कर्करोगावर विजय’ असा मथळा त्यावर शोभणार नाही. पण तो फरक खरा आहे, हे रिकाम्या चकत्यांमुळे आपण खात्रीने म्हणू शकतो.

रिकामी चकती ही रुग्णाची फसवणूक आहे, असे काहींना वाटेल. पण या रुग्णांची शस्त्रक्रिया होणारच होती आणि चाचणीत भाग घेण्यापूर्वी त्यांची संमती घेतली जाते. शिवाय नवा उपाय चांगला की वाईट हे चाचणीपूर्वी कोणालाच माहीत नसते. २०१२ मध्ये थांबविलेल्या चाचणीत तुलनागटातले रुग्णच अधिक सुदैवी ठरले, हे विसरू नये.

पुढच्या वेळी नव्या उपायाची बातमी वाचाल, तेव्हा चार गोष्टी शोधा. चाचणी कोणावर झाली, प्राण्यांवर की माणसांवर? किती जणांवर? तुलना कशाशी केली? आणि मोजले काय, गाठीचा आकार की रुग्णाचे आयुष्य? घरात कोणी आजारी असेल तर हे प्रश्न डॉक्टरांना विचारण्यात संकोच नसावा. एखाद्या जाहिरातीवर विसंबून चालू उपचार सोडण्यापूर्वी तर ते विचारलेच पाहिजेत.

स्वाध्याय

१. विसरण गुणांक लेखात दिला आहे तोच धरून अर्धा सेंटीमीटर अंतर जाण्यास लागणारा काळ काढा.

२. उंदरांच्या चाचणीत दुसरा गट नसता, तर कोणता निष्कर्ष काढता आला नसता?

३. परमँगनेटच्या प्रयोगात बॅटरीची टोके उलट जोडल्यास काय होईल? आधी लिहून ठेवा, मग करून पाहा.

४. स्वादुपिंडाच्या रुग्णावर केवळ रिकामे उपकरण बसविण्यासाठी शस्त्रक्रिया करणे योग्य होईल का? नसेल, तर तुलनागटाला काय द्यावे? वर्गात दोन पक्ष करून चर्चा करा.